चौथ्या टाकीतला हात

यात एक अक्षरही पदरचं नाही. तशी मी शाळा अर्धवट सोडलेली बाई, रचून सांगायला मला जमतही नाही.

मंगळवार होता. दुपारचे सव्वादोन.

भुतं रात्री येतात म्हणे. आमच्या शेडच्या खिडक्यांना काळं प्लास्टिक आहे, त्यामुळे तिथे दिवसरात्र सारखीच.

आमचा धंदा किड्यांचा. खरं नाव कोपेपॉड. कोळंबीचे दूरचे नातलग, पण तिळाहून बारीक आणि केशरी. समुद्री माशांची नुकती जन्मलेली पिल्लं समोर काही वळवळलं तरच तोंड उघडतात, म्हणून हे किडे जिवंतच घालावे लागतात. पलीकडच्या खोलीत आमचे हे पिल्लं वाढवायचे. अलीकडे मी आणि माझी थोरली नणंद, सहा टाक्यांत किडे.

मी त्यांना वन्सं म्हणायची. त्या मला नाजूकबाई.

कारण त्यांची सवय. प्रत्येक टाकीत बोट बुडवायचं, चाटायचं, आणि मग... थू!

"वन्सं, अहो, मीठ मोजायला मीटर आहे की!"

"तुझ्या मीटरला जीभ आहे का गं, नाजूकबाई?"

मी तोंड फिरवायची. त्यात ते बोट! उजव्या तर्जनीचं पहिलं पेरच नव्हतं. जुन्या पंपाच्या पट्ट्यात गेलं, म्हणायच्या. तो गुळगुळीत खुंट त्या चोखायच्या आणि मी जेवणाचा डबा तसाच घरी न्यायची.

त्या गेल्या त्याही दुपारीच. टाकीजवळ स्टुलावर बसल्या बसल्या हृदय बंद पडलं. आम्ही दोघं पिल्लांच्या खोलीत, चार तास पत्ताच नाही.

आणि ते चार तास त्यांचा उजवा हात चौथ्या टाकीत होता... कोपरापर्यंत.

मीच बाहेर काढला.

हातावर केशरी हातमोजा होता.

तो हातमोजा हलत होता.

मी तो निपटून काढला. खाली नखांच्या कडा, सुरकुत्या, जुना मळ, सगळं चाटूनपुसून लख्ख. उभ्या जन्मात वन्संचा हात इतका स्वच्छ नव्हता.

मी तिथेच ओकले.

चौथी टाकी गटारात ओतायची, हे मी त्याच दिवशी ठरवलं. पण कामांच्या रगाड्यात राहून गेलं. आणि तेराव्या दिवशी, त्या मंगळवारी, बाकीच्या पाचही टाक्या मेल्या.

चूक माझीच. चौथीला हात न लावता बाकीच्यांत मी मीटरच्या भरवशावर मीठ घालत गेले आणि मीटरच बिघडलेला. वर गुलाबी साय, खाली चिखल. सडका वास असा, की पदर नाकाला लावला तर पदरालाही लागला.

हे दारात येऊन उभे राहिले.

"उद्या सकाळपर्यंत खायला मिळालं नाही तर पिल्लं संपली गं. सात वर्षं खपली ताई, तेव्हा कुठे या माशाची अंडी पहिल्यांदा फुटली. तिचं एवढंच तर मागे राहिलंय."

"चौथीत आहेत," मी म्हटलं.

म्हणायला नको होतं.

किडे काढायची रीत सोपी. हवेचा पंप बंद करायचा, टाकीच्या एका बाजूला बॅटरी धरायची. किडे उजेडाकडे गोळा होतात. मग नळीने ओढून घ्यायचे.

मी पंप बंद केला. बुडबुडे थांबले.

बॅटरी धरली.

एकही किडा आला नाही...

ते पलीकडे होते. अंधारात. जिथे वन्संचा हात होता तिथे.

आधी तळव्याएवढा गोळा दिसला. मग त्याला एकेक फांदी फुटली. अंगठा. करंगळी. मधली दोन.

आणि तर्जनी... अर्धी.

माझ्या पाठीमागे, स्टुलापाशी, कुणीतरी...

थू!

मी वळले. स्टूल रिकामं. फरशीवर थुंकीचा ताजा ठिपका.

त्यात काहीतरी वळवळत होतं.

"वन्सं..." मी रिकाम्या स्टुलाला म्हटलं. "तुमच्याच पिल्लांसाठी आहे हो."

पळून जायला हवं होतं. पण पलीकडे पिल्लं उपाशी होती. मी नळी लावली आणि तो हात ओढून घेतला. एकेक बोट करून. शेवटी ते अर्धं.

निम्मे किडे पिल्लांना घातले. निम्मे, दुधाला विरजण लावावं तसे, पाची टाक्या धुऊन त्यांत सोडले.

पिल्लं तुटून पडली. काचेसारखी त्यांची पोटं केशरी झाली. हे ढसाढसा रडले. मी कितीतरी वेळ साबणाने हात धूत बसले.

पिल्लं जगली. आता चांगली बोटाएवढी झालीत. टाक्या तर भरून वाहतात. सगळे म्हणतात, वन्संचा हातगुण आलाय मला.

पंप बंद केला की सहाही टाक्यांत एकेक हात उमटतो. तेवढ्याची सवय झाली आहे.

पण परवा यांनी मला हटकलं. "अगं, काय करतेस हे?"

माझं बोट तोंडात होतं. खारट. मी थुंकले होते. नवा मीटर खिशातच होता.

कधीपासून करतेय, आठवत नाही.

एवढं मात्र आठवतं की दर रविवारी मी नखं कापते. गेले दोन महिने उजव्या तर्जनीचं नख कापावं लागलेलं नाही.

काल यांना सहज विचारलं, "वन्संचं बोट गेलं तो जुना पंप कुठे असतो हो?"

हे जाळी धूत होते. मान वर न करता म्हणाले,

"जुना कुठला? आपला हाच पहिला पंप. आणि याला पट्टा नाहीच."