पायरीवर बसलेली आई

माझी तान्ही सुलेमी दुपारी झोपली की जो वेळ हाती लागतो, त्यात मी स्कॅनर निवडत होते. घरात कुणालाच ते काम वाटत नव्हतं.

"सपाट काचेचाच घे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या लग्नाचे फोटोही निघतील. तुझ्या त्या एवढ्याशा पट्टीसाठी वेगळं यंत्र कशाला?"

ती एवढीशी पट्टी म्हणजे माझी आई. मी रांगायला लागायच्या आत ती गेली. इथे मेक्सिकोत, मेरिदाच्या दमट हवेत तिचे सगळे प्रिंट बुरशीने खाल्ले. उरली ही रंगीत निगेटिव्हची पट्टी, आणि तिच्यात एकच चौकट धड: लग्नाआधीची आई, अंगणाच्या पायरीवर एकटी बसलेली. मृतांचे दिवस तोंडावर आले होते. या वर्षी, गेलेल्यांसाठी घरात मांडतात त्या वेदीवर तिचा चेहरा ठेवायचाच, असं मी ठरवून टाकलं होतं. चेहरा दिसला की गेलेलं माणूस बरोबर आपल्याच घरी येतं, असं सगळे मानतात. मी मानत नाही. पण तिने सुलेमीला एकदा बघावं, एवढं मला हवं होतं.

बाजारामागे मायेस्त्रो, म्हणजे उस्ताद, एलीहिओ कॅमेरे दुरुस्त करतात आणि वापरलेले स्कॅनर विकतात. सासूबाईंचं ऐकून मी आधी सपाट काचेचा आणला. त्यांचं लग्न सुरेख निघालं. आईचा चेहरा मात्र धूसर, आणि मांडीवर एक पांढरट डाग.

"बुरशी," मायेस्त्रो म्हणाले. "त्या काचेवर फिल्म नीट टेकत नाही, पोरी. हा ने, फक्त फिल्मचा. अदृश्य किरणांनी बुरशी, धूळ ओळखतो आणि तेवढीच पुसतो. चित्राला हात लावत नाही."

"आणि लावला तर?"

"तर आणून माझ्या डोक्यात घाल. टक्कलच आहे, विस्कटायचं काही नाही."

दुसऱ्या दिवशी सुलेमी झोपल्यावर मी पट्टी आत सरकवली. चेहरा लख्ख आला, अगदी भुवईतल्या तिळासकट. मी पडद्यावर बोट टेकवून किती तरी वेळ बसले. मग नजर खाली गेली.

मांडीवर डाग नव्हता. बाळ होतं. उघड्या पायांचं, पाठमोरं.

पट्टी खिडकीपाशी धरून पाहिली. मांडी रिकामी.

बुरशी पुसायची सोय चालू करून मी पुन्हा स्कॅन केलं. यंत्राने इमानाने काम केलं. पायरी राहिली. मागचा रांजण राहिला. बाळ राहिलं.

आई पुसली गेली.

"कोण गं हे? तू?" सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या.

"माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा."

"मग त्याला काप, लँडी. जिवंत माणसाचा फोटो वेदीवर चालत नाही. तिथे जे ठेवतो ते मेलेल्यांचं होतं."

"जिवंत कशावरून?"

त्यांनी नुसतं बोट दाखवलं. बाळाच्या मांडीवर गोल चिकटपट्टी होती, बदकाचं चित्र असलेली. काल दवाखान्यात लस दिल्यावर सुलेमीला लावलेली.

त्या आत गेल्या आणि झोपलेल्या पोरीच्या मनगटाला काळा दोरा बांधून आल्या. या दिवसांत आत्म्यांनी पोरं नेऊ नयेत म्हणून बांधतात. एरवी मी हसले असते.

पण आईला मी सोडणार नव्हते. नव्या यंत्राचं पहिलंच चित्र घेतलं, कॉलरच्या खाली कापलं, छापून आणलं आणि वेदीवर मेणबत्ती नि नैवेद्याच्या चॉकलेटचा पेला यांच्या मधोमध ठेवलं.

"नाक तुझंच," सासूबाई म्हणाल्या. डोळे पुसत स्वयंपाकघरात गेल्या.

मी खालची कड बघत होते. आईची कॉलर चार इवल्या बोटांनी घट्ट धरली होती. कापताना ती बोटं तिथे नव्हती.

फोटो उचलायला हवा होता. मी हातही पुढे केला. पण आई माझ्याकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच.

थोडाच वेळ, म्हटलं. सुलेमी उठेपर्यंत.

आतून तिचं हसू ऐकू आलं.

ती झोळीत कुशीवर पडली होती, अगदी जवळ कुणाकडे तरी बघत. मी तिला अलगद उचलून छातीशी धरलं.

झोळी वर आली नाही. तशीच जड, खाली ओढलेली राहिली, आणि जरा वेळाने आपणहून झुलू लागली.