दादींची मराठी वही

"जरा धरता का? चटका बसेल, पण सोडू नका हं!"

असं हिंदीत म्हणून एका अनोळखी मुलाने लिफ्टमध्ये माझ्या हातात भलंमोठं पातेलं ठेवलं आणि पावसात निसटलेली चप्पल आणायला तो बाहेर धावला. दार बंद झालं. सिंगापूरमधल्या, पुंगोलच्या आमच्या इमारतीच्या त्या लिफ्टमधून मी, माझी ओली छत्री आणि कणकेने झाकण बंद केलेलं ते गरम पातेलं... थेट सातव्या मजल्यावर!

तो जिन्याने धापा टाकत आला. केसांतून पाणी ठिबकत होतं.

"पळून नाही गेलात?"

"बिर्याणी घेऊन? विचार होता."

तो हसला आणि माझी छत्री हातातून सुटली. तिथूनच सगळं बिघडलं.

तो हारिस. पातेलं त्याच्या दादींचं, म्हणजे आजीचं. दादी मूळच्या कराचीच्या. महिन्याभरात त्यांच्या इथे राहायच्या पासची मुदत संपत होती आणि मग त्या लेकीकडे, कराचीला, कायमच्या जाणार होत्या. सिंधी बिर्याणी, हलीम, शाही टुकडे, सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. त्यांचे हात थरथरत. हारिसने फोनमध्ये इंग्रजीत लिहून घ्यायचा प्रयत्न केला होता. हलीमच्या नावाखाली एवढंच होतं: 'मीठ, थोडं.'

"थोडं म्हणजे किती?" पातेलं त्यांच्या ओट्यावर ठेवत मी विचारलं. दादींनी तीन बोटांत मीठ उचललं. मी ते वाटीत घेऊन चमच्याने मोजलं. दादींनी नातवाकडे पाहिलं.

"ये लिखेगी," त्या म्हणाल्या. संपला विषय.

दर शनिवारी मी जाऊ लागले. दादी सांगायच्या आणि मी एका वहीत भराभर मराठीत लिहायची, कारण स्वयंपाक माझ्या डोक्यात मराठीतच शिजतो. हारिस इतकं छान हिंदी बोलतो म्हणजे देवनागरी वाचत असेलच, हे मी धरूनच चालले होते.

"आता वीस मिनिटं दम द्यायचा," एकदा मी मोठ्याने म्हणाले आणि हसू आलं. "हारिस, मराठीत दम देणं म्हणजे धमकावणं, माहितेय?"

"मग दे ना," कांदा चिरता चिरता तो म्हणाला.

"काय?"

"दम. मला कुणी देतच नाही."

"कांदा बारीक चीर, नाहीतर दादींना सांगेन!"

"भ्यायलो..." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कांद्याचंच. पण त्याने पाहिलं माझ्याकडे, आणि मी जिऱ्याऐवजी शहाजिऱ्याची बरणी उघडली.

तिसऱ्या शनिवारी त्याने वही हातात घेतली, दोन पानं चाळली आणि "छान लिहिलंयस" म्हणाला. वही उलटी धरलेली होती.

तो बोलतो ती उर्दू! इथल्या शाळेत शिकलेला मुलगा. त्याला उर्दू वाचता येत नाही, तर देवनागरी कुठून येणार? आणि दादींना वाटत होतं मी इंग्रजीत लिहितेय. चष्म्याशिवाय जवळचं त्यांना दिसत नसे. त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. वही पुरी झाली की त्या घरात माझं काय काम? वाचताच आली नाही, तर बोलवावं लागेल ना मला... गोड विचार होता आणि तितकाच दुष्ट. इकडे दादी विश्वासाने आपली उभ्या जन्माची चव माझ्या हवाली करत होत्या. मला झोप लागेना, पण मी गप्पच राहिले.

शेवटचा शनिवार उजाडला. बॅगा दाराशी. दादी सोफ्यावर डोळे मिटून बसल्या.

"हारिस, बिर्याणी पढ़ के सुना."

हारिसने वही उघडली. खिडकीवर पाऊस वाजत होता.

"पहिल्यांदा... तांदूळ..."

"पहले चावल? गोश्त से भी पहले?" दादींचे डोळे उघडले. "इधर ला." चष्मा लावून त्यांनी वही नाकाशी नेली. "ये तो हिंदी है!"

"मराठी," मी म्हणाले. मूर्खपणाची कमाल!

दादी संतापतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या खचल्या. "मेरे बाद इस घर में ये कौन पढ़ेगा?"

मग मला राहवलं नाही. हारिसला हे वाचता येत नाही, हे तिसऱ्या शनिवारपासून मला माहीत होतं, असं मी सांगून टाकलं.

"और चुप रही? क्यों?"

"माझं इथे येणं... बंद झालं असतं."

"खाने के लिए आती थी?"

"नाही." मान वर होईना. "हारिससाठी."

हारिस खाकरला. "दादी, मला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला वाचता येत नाही, हे मला कळणार नाही का?"

"मग बोलला का नाहीस?" मीच ओरडले.

"बोललो असतो तर तू इंग्रजीत लिहिलं असतंस. मग थँक्यू, बाय... हाऊ कॅन, लाह? कसं चालेल?"

दादी हसल्या नाहीत. घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, "छह बजे टैक्सी आएगी. अभी दो बजे हैं. एक पढ़े, एक लिखे. बैठो!"

आम्ही बसलो. मी वाचत होते, तो इंग्रजीत टाइप करत होता, दादी चुका काढत होत्या. एकोणीस पदार्थ. दर पदार्थागणिक त्या घरातली माझी गरज एकेकाने कमी होत होती आणि मी न अडखळता वाचत होते. एवढं तरी दादींचं देणं होतंच. पावणेसहाला शाही टुकडे संपले. मी वही मिटली आणि पर्स उचलली.

"आता वाचायला तू लागणार नाहीस," हारिस म्हणाला.

"नाही."

"तरी पुढच्या शनिवारी ये."

"कशाला?"

"कशालाच नाही. आता काही कारण उरलं नाही, म्हणूनच विचारतोय." त्याने फोन खिशात टाकला. "तू मला आवडतेस, अश्लेषा. खूप."

बॅगेवर हात ठेवून दादी माझ्याकडे पाहत होत्या. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला.

"हाँ या ना, बेटी? मुझे जाना है."

"हो!" मी म्हणाले. घाईत चक्क मराठीत. पण तेवढं मराठी एव्हाना त्या घरात सगळ्यांना येत होतं.