राणीची हजेरी

अकरा वाजता साताऱ्यात जयराज सर स्पर्धा परीक्षेच्या ऑनलाइन वर्गासाठी फळ्यासमोर उभे राहायचे, आणि त्याच अकरा वाजता माधवनगरात गोमटेशअण्णांच्या कापड दुकानात राणी गिऱ्हाइकांपुढं साड्या उलगडायला बसायची. फोन अण्णांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात. काउंटरला फोन नाही म्हणजे नाही, हा अण्णांचा नियम. आता दुकान सोडून भागत नव्हतं आणि वर्ग सोडायची तर बातच नको. मग राणीनं ठरवून टाकलं, रोज पहाटे पाचला उठायचं आणि आदल्या दिवसाचं रेकॉर्डिंग बघायचं.

रेकॉर्डिंगच्या वर एक ओळ असायची. ‘हा वर्ग होऊन गेला आहे. तुम्ही रेकॉर्डिंग पाहत आहात.’ बाजूला लाइव्हवाल्यांनी टाकलेले मेसेज जसेच्या तसे वर सरकत राहायचे, पण लिहायचा चौकोन गायब. ती ओळ राणीला फार झोंबायची. होऊन गेला म्हणे! पंगत उठल्यावर ताट घेऊन आल्यासारखं वाटायचं तिला.

पण पोरगी जिद्दीची. कारणही तसंच होतं. तिचे वडील केरबा फौजेतून सुभेदार होऊन फलटणकडच्या गावी परतलेले, शब्दाचे पक्के. दिवाळीत त्यांनी सांगून टाकलं होतं, “राणे, ही एक संयुक्त पूर्व परीक्षा दे. निघाली तर पुढं लागंल तेवढं शिक, मी लगनाचं नाव काढणार न्हाई. न्हाई निघाली तर विट्याचं स्थळ हाय. पोराचं मदुराईला सोनं गाळायचं दुकान हाय.”

“व्हय आबा,” राणी म्हणाली होती. मदुराई नकाशात कुठं आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तिथं जायचं नव्हतं हेही.

वर्गात नाव घातलं त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती, म्हणून तेवढा एक वर्ग तिला लाइव्ह मिळाला. सर हजेरी घ्यायचे. नाव पुकारलं की बाकीचे ‘प्रेझेंट सर’ लिहायचे. राणीनं घाईत, घरी बोलतात तसं लिहिलं, ‘हाय’.

सर खो खो हसले. “राणी फडतरे, ही हाय इंग्लिश म्हणायची का आपली?”

‘आपली सर,’ तिनं लिहिलं. त्या दिवसापासून अख्ख्या वर्गात ‘हाय’ म्हटलं की राणी, असं होऊन बसलं.

पौषातल्या एका पहाटे ती रेकॉर्डिंग बघत होती. सरांनी हजेरीत तिचं नाव घेतलं. आता सर ‘गैरहजर’ म्हणून पुढं जाणार, म्हणून ती वही उघडायला वळली. पडद्यावर मेसेज सरकला.

राणी फडतरे : हाय.

वेळ अकरा वाजून चार मिनिटं. आदल्या दिवशी अकरा वाजून चार मिनिटांनी ती माधवनगरातल्याच एका आजीला हिरवं नऊवारी लुगडं दाखवत होती, आणि आजीला ते अजिबात आवडत नव्हतं. हे तिला चांगलं आठवत होतं.

ॲपचा घोळ, असं म्हणून तिनं सोडून दिलं. दुसऱ्या पहाटे परत ‘हाय’. तिसऱ्या पहाटे राष्ट्रपती राजवट चालली होती. राणीच्या मनात आलं, राजवट लागली की विधानसभा लगेच बरखास्त होते का? तिनं पेन उचललं, तोवर बाजूला उमटलंच.

राणी फडतरे : सर, राजवट लागली की विधानसभा लगेच बरखास्त होते का?

“शाब्बास राणी,” सर म्हणाले. “लगेच नाही. संसदेची मंजुरी मिळेपर्यंत ती फक्त निलंबित ठेवता येते.”

 राणीनं पासवर्ड बदलला. कुणाच्या फोनवर आपलं खातं चालू आहे ते तपासलं. एकच फोन होता, तिचाच. शेवटी दुपारच्या सुट्टीत ड्रॉवर उघडायला लावून तिनं सरांनाच फोन लावला.

“सर, माझ्या नावानं लाइव्हला कोण बसतंय?”

“कोण म्हणजे? तूच की गं. परवा माईकवर बोललीससुद्धा.”

“आवाज कुणाचा हुता, सर?”

“तुझाच. का, बरं नाही का तुला?” सर म्हणाले.

पुढचे चार दिवस ती भीत भीतच रेकॉर्डिंग लावायची. पण पाचव्या दिवशी त्या दुसरीनं असा एक प्रश्न विचारला, की राणीला प्रश्नच कळला नाही. तिथं मात्र तिचं डोकं फिरलं. भीती राहिली बाजूला, तिला चक्क राग आला. नाव माझं, फोटो माझा, अन् पळतीयस माझ्याच पुढं? थांब बघतेच.

पाचऐवजी ती चारला उठायला लागली. साड्यांच्या घड्या घालताना कलमं पुटपुटायची. मावशी शालूबाई, जिच्याकडं ती राहायची, ती म्हणायची, “आगं, जिवाला जप. काय कुणाशी शर्यत लागलीया का तुजी?”

“लागलीया, मावशे,” राणी म्हणाली.

परीक्षेला महिना राहिला तशी ती अण्णांपुढं जाऊन उभी राहिली. सुट्टी पाहिजे, लाइव्ह बसायचं आहे. अण्णा तसे कडक, पण मनानं मऊ. “जा गं बाई. सायबीण हो अन् मला सलाम ठोकायला लाव,” म्हणाले.

पहिल्या दिवशी मावशीच्या माळ्यावर बसून तिनं अकराच्या ठोक्याला वर्ग उघडला. वर ती ओळ नव्हती. सरांनी नाव घेतलं. तिनं ‘हाय’ लिहिलं. एकच ‘हाय’ आलं, तिचं स्वतःचं. राणीला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली. महिनाभर दुसरी कुणी आली नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती अण्णांच्या पाया पडायला दुकानात गेली.

“उद्या येणार न्हाईस ते काल सांगितलंस की,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, मी महिनाभर कुठं आले?”

“चेष्टा करतीस व्हय? काल संध्याकाळपर्यंत हितंच तर हुतीस. आणि डबा इसरून गेलीस बघ.” अण्णांनी काउंटरखालून डबा काढून दिला.

स्टीलचा डबा. झाकणावर ‘राणी के. फडतरे’ असं कोरलेलं. बुडाला पोचा. घरी येऊन तिनं फळीवरचा आपला डबा काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. तेच नाव, तोच पोचा. कोरणाऱ्यानं ‘फ’ला काढलेली तीच वाकडी शेपटी.

“जोडी आणलीस व्हय? बरं झालं,” मावशी म्हणाली आणि दोन्ही घासायला घेऊन गेली.

 राणी मनाशी म्हणाली, डबे दोन असू देत. परीक्षा एकच आहे, आणि ती मीच देणार.

दिली. सांगलीच्या एका शाळेत, खिडकीजवळच्या बाकावर. सही तिनं केली. शंभर प्रश्नांचे गोल तिनं भरले. राष्ट्रपती राजवटीचा प्रश्न आला तेव्हा तिला हसू आलं. पेपर देताना तिनं वर्गभर नीट बघून घेतलं. तिच्यासारखी दुसरी कुणी नव्हती.

दीड महिन्यानं निकाल लागला. यादीत तिचा नंबर होता.

 “राणे... आता लगनाचं नाव काढणार न्हाई बग मी,” एवढंच केरबा फोनवर म्हणाले आणि रडले. राणीही रडली. उभ्या आयुष्यात तिनं आबांचं रडणं ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला सरांनी परीक्षेत निघालेल्या पोरांसाठी लाइव्ह ठेवलं. राणी माळ्यावर गेली. भिंतीवरच्या घड्याळात अकराचे ठोके पडले. तिनं वर्ग उघडला.

सर एकेकाचं नाव घेत होते.

“आणि आपली राणी फडतरे!”

तिनं लिहायला अंगठा खाली नेला. चौकोन नव्हता.

बाजूला मेसेज सरकला. राणी फडतरे : हाय.

तिनं वर बघितलं. ‘हा वर्ग होऊन गेला आहे. तुम्ही रेकॉर्डिंग पाहत आहात.’

घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती.

“बोल राणी, माईक सुरू कर,” सर म्हणाले.

जिन्यावर पावलं वाजली. मावशी पदराला हात पुसत वर आली.

“हे काय, परत काय लावून बसलीस?” ती म्हणाली. “आत्ता खाली माझ्याशेजारी बसून बोललीस की समद्यांशी. किती ग्वाड बोललीस!”

 जिथं चौकोन असायचा तिथं राणीनं अंगठा टेकला, आणि ‘हाय’चं एकेक अक्षर दाबत राहिली.