दुखापत शून्य

बरं झालेलं मनगट दुखेल कसं? ऊर्वीच्या घरात कित्येक महिने हाच वाद चालला होता.

दोरीच्या मल्लखांबावरून पडून तिचं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं. क्रीडाशाळेच्या दारातलं तपासणी-यंत्र रोज तिच्या हातावरून किरण फिरवून सांगायचं, "दुखापत शून्य." पण साधं बाटलीचं झाकण फिरवतानाही तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"यंत्र कशाला खोटं बोलेल?" बाबा म्हणायचे. "नाटकं बंद कर."

संघात तिच्या जागी दुसरी मुलगी आली. हळूहळू मैत्रिणींनीही विचारणं सोडलं.

शेवटी आई हट्टाला पेटली, तेव्हा तिघं वेदना-केंद्रात गेली. तिथल्या डॉक्टर नफिसा शिकलगार यांनी ऊर्वीच्या डोक्यावर एक हलकी टोपी चढवली. समोर हवेत तिच्या मेंदूचा नकाशा उमटला.

"तुमचं यंत्र खोटं बोलत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण ते फक्त हाड बघतं. वेदना मेंदूत तयार होते. मज्जातंतू (शरीरातून मेंदूकडे निरोप नेणारे धागे) धोका कळवतात आणि किती दुखवायचं ते मेंदू ठरवतो. कधीकधी जखम भरते, तरी मेंदू सावधच राहतो. साध्या हालचालीलाही धोका समजतो. ही जीर्ण वेदना (महिनोन्‌महिने टिकणारं दुखणं)."

"म्हणजे मनाचेच खेळ ना?" बाबा म्हणाले. "मी पहिल्यापासून हेच सांगतोय. नाटक आहे सगळं."

ऊर्वीच्या हाताला कुणी बोटही लावलं नव्हतं. तरी नकाशावर वेदनेचे लाल ठिपके भराभर पेटले आणि तिने मनगट छातीशी घट्ट धरलं.

बाबांचा आवाज उतरला. "हे... माझ्या बोलण्यानं?"

"भीतीनं, अपमानानं, एकटं पडल्यानं वेदना वाढते. आणि ती खरीच असते," डॉक्टर म्हणाल्या.

आई बाबांकडे बघत राहिली.

उपचार एकट्या डॉक्टरांचा नव्हता. व्यायामतज्ज्ञ रोज थोडीशीच हालचाल वाढवत. समुपदेशक ताई श्वास संथ करायला आणि दुखण्याची भीती ओळखायला शिकवत. घरी काय बोलायचं नाही, ते बाबांना शिकवणंही त्यांच्याचकडे होतं.

दरम्यान राज्यस्पर्धा होऊन गेली. ऊर्वीने ती घरी पडद्यावर पाहिली. ते वर्ष कुणीच परत देणार नव्हतं.

एका सकाळी तिने पुन्हा दोरी धरली.

"दुखतंय?" बाबांनी विचारलं.

"दुखतंय. पण आत काही मोडत नाहीये."

"बरं. मी इथंच उभा राहतो."

"इथं नको. तिकडे बाकावर बसा."

बाबा मुकाट्याने जाऊन बसले. ऊर्वीने सावकाश श्वास सोडला आणि दोन्ही पाय जमिनीवरून उचलले.