ज़रा दाल देख लेना

दुर्गाघाटावर वीज गेली तशी पोरं बिंदुमाधवकाकांजवळ सरकली. काका म्हणाले, "आपल्या विश्वेशच्या बायकोचं सांगतो. लतिकाचं. तिनंच मला सांगितलं, एकदाच. पुन्हा विचारू नका म्हणाली."

गेल्या मार्गशीर्षातली अमावास्या. शुक्रवार. विश्वेशची बहीण सुनीती नवरा-मुलांसकट पुण्याहून आलेली, दहा दिवस झाले होते. रोज दर्शन, रोज घाट, आणि परतल्यावर लतिकाचा स्वयंपाक. तिचे पाय भरून आले होते. पण सुनीतीला ते घर पाहायचंच होतं. एका मोठ्या देशभक्ताचं घर, आता स्मारक केलंय. नाव घेत नाही. त्या पुण्यवान माणसाचा यात काही दोष नाही.

सगळे निघाले. सासूबाईसुद्धा. प्रभावतीबाईंना फारसं दिसत नाही. त्या लतिकाचा दंड धरूनच चालतात.

सव्वापाच वाजले. अंधारून आलं. चौकीदार किल्ल्या वाजवायला लागला. मंडळी अंगणात फोटो काढत होती. सासूबाईंना बाकावर बसवून लतिका मागच्या स्वयंपाकघरात डोकावली. शेणानं सारवलेली जमीन, मातीची चूल, चुलीवर पातेलं, आणि पुढ्यात एक बाई. डोक्यावरून पदर. लतिकाला वाटलं, चौकीदाराची घरवाली असेल.

"थक गई हो न? बैठो।"

दहा दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. लतिका बसली. काय सांगू, इतकं बरं वाटलं तिला, की डोळेच भरून आले.

"हम भी थक गए," बाई म्हणाली. "कितने लोग आते हैं... सबका खाना... ज़रा दाल देख लेना। हम अभी आए।"

लतिकानं पळी हातात घेतली. बाई उठली. जाताजाता तिनं लतिकाच्या खांद्यावरची शाल उचलली, आपल्या अंगावर घेतली. लतिका काही बोलली नाही.

बोलताच येईना.

ती ढवळत राहिली. बाहेरून विश्वेशची हाक आली, "लतिका, चल!" आणि कुणीतरी "आले" म्हणालं... तिच्याच आवाजात.

दारातून दिसत होतं. सगळे निघाले. सासूबाईंचा हात... शालीतल्या त्या दंडावर. फाटक करकरलं. लतिकाला उठायचं होतं. पण खरं सांगू? फारसं नव्हतंही.

मग सासूबाई थांबल्या.

"हा हात लतिकाचा नाही."

"आई, चल ना, उशीर होतोय," सुनीती म्हणाली.

"बारा वर्षं धरतेय मी तो हात."

म्हातारी मागे वळली. एकटी. भिंत चाचपत, ठेचकाळत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली.

"लतिके... ऊठ. घरी चल."

पळी गळून पडली. चूल थंडगार. पातेल्यात काही नाही. शाल अंगणात पडलेली... आणि ती बाई कुठेच नाही.

काकांनी आवाज खाली आणला.

"घरी पोचले तेव्हा सात वाजले होते. कुलूप जसंच्या तसं. लतिकानं स्वयंपाकघरातला दिवा लावला. टाइल्स पांढऱ्याशुभ्र... आणि ओट्यापाशी एक तुकडा शेणानं सारवलेला. एका माणसाला बसण्यापुरता.

ओला होता अजून."