भावपूर्ण सेवापूर्ती

ही गोष्ट खरी आहे. खोटी रचायची असती तर मी तिच्यात चिंचेचं झाड घातलं असतं, पॉवरपॉइंट नाही.

आणि ही रात्रीची नाही. मे महिन्यातल्या भर दुपारची आहे. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत सोमनाथभाऊंचं बॅनरचं दुकान आहे, तिथली. बाहेर असं ऊन होतं की भूतसुद्धा रुमाल बांधून निघालं असतं.

माझा मावसभाऊ सत्यम त्या दुकानात कामाला आहे. त्या दिवशी संध्याकाळी त्याच्या वडिलांचा, म्हणजे बद्रीनाथकाकांचा, सेवापूर्ती सोहळा होता. काकांची उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली. पुंडलिकनगरात हॉल घेतलेला, मोठा पडदा लावलेला. आणि सत्यमने साऱ्या गणगोतासमोर सांगून ठेवलेलं, "पप्पांवर असं हलतं प्रेझेंटेशन करतो की लोक जेवायचं विसरतील."

दुपार झाली तरी एक स्लाइड तयार नव्हती.

तो नेटवर नमुने शोधत बसला होता. जगातली भारी भारी अ‍ॅनिमेटेड प्रेझेंटेशनं. सगळ्यांत तेच. कोटातले दोन गोरे हात मिळवतायत, मागे एक गोल आलेख गरगर फिरतोय. काकांच्या नोकरीत गरगर फिरलेली गोष्ट एकच, डोक्यावरचा पंखा.

शेवटी त्याने बॅनरवाल्यांचा खानदानी उपाय केला. या धंद्यात कोरी फाइल कुणी उघडत नाही. जुनी उघडायची, फोटो बदलायचा, नाव बदलायचं. वाढदिवसाचं डिझाइन निवडणुकीला चालतं, निवडणुकीचं बारशाला.

दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याला एक फाइल सापडली. त्याने ती उघडली...

आणि सरळ होऊन बसला.

पडद्यावर एक म्हातारा लाकडी खुर्चीत बसला होता. पांढरा सदरा, हातात काठी. खाली नाव, कारभारी. वरून झेंडूच्या पाकळ्या पडत होत्या. पण कशा... वाऱ्याने वळत, गिरक्या घेत. एक पाकळी म्हाताऱ्याच्या खांद्यावर टेकली.

त्याने ती... झटकली.

"कसला इफेक्ट हाय," सत्यम स्वतःशीच म्हणाला.

नावाखाली लिहिलं होतं, भावपूर्ण श्रद्धांजली.

शहाणा माणूस इथं थांबला असता. सत्यमने 'श्रद्धांजली' खोडून 'सेवापूर्ती' लिहिलं. 'भावपूर्ण' तसंच राहू दिलं. भावना काय, दोन्हीकडे असतातच.

म्हाताऱ्याच्या जागी त्याने काकांचा ऑफिसातला फोटो टाकला. तेही खुर्चीत बसलेले. मग स्लाइड शो लावला.

पाकळ्या पडल्या.

काका बसले होते.

मग... काकांनी गुडघ्यांवर हात टेकले. उठले. सावकाश डाव्या कडेकडे चालत गेले, आणि पडद्याबाहेर गेले.

खुर्ची तेवढी राहिली.

खरं सांगायचं तर सत्यमला आधी आनंदच झाला. एवढा भारी नमुना नेटवरही नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. मावशी.

"सत्या, पप्पा तिकडं आलेत का रे?"

"नाय. का?"

"आत्ता इथं खुर्चीत बसून चहा पीत होते. कप तसाच हाय. चपला हायेत. दाराला आतून कडी हाय..."

सत्यमने शो थांबवला. कोणकोणते इफेक्ट लावलेत ते पाहिलं. पाकळ्या होत्या. माणूस उठून जायचा इफेक्ट...

नव्हताच.

फोटोतली खुर्ची मात्र रिकामी.

त्याला एकच सुचलं. कॉम्प्युटरवर केलेलं मागं घ्यायचं असलं की दाबतात ते. कंट्रोल झेड.

काका खुर्चीत परत आले.

फोनवर मावशी दबक्या आवाजात म्हणाली, "हायेत... इथंच बसलेत. अहो, कुठं गेलता तुम्ही?"

काकांनी फोन घेतला. "सत्या, एक कारभारी नावाचा म्हातारा भेटला. म्हणला, तुमच्या पोरानं मला मोकळं केलं, माझी जागा तुम्हाला दिली. लई गुणाचं पोरगं म्हणला. तुझ्या ओळखीतला हाय का?"

"नाय पप्पा. तुम्ही बसून राहा. उठू नका."

त्याने पुन्हा कंट्रोल झेड दाबलं, म्हाताऱ्याचा फोटो परत यावा म्हणून. फोटो आला. लाकडी खुर्ची आली. खुर्चीत...

कुणीच नव्हतं.

फोनमधून मावशीची किंकाळी आली. सत्यमने घाईघाईने काकांना परत आणलं. मग ती फाइल बंदच करावी म्हणून त्याने माउसचा बाण कोपऱ्यातल्या फुलीवर नेला.

फोटोतल्या काकांनी मान वळवली. आणि बाणाकडे... बघितलं.

त्याने बाण मागं घेतला.

एकदा फाइल बंद केली की कंट्रोल झेड विसरायचं. सेव्ह करून बंद केली तरी. पुन्हा उघडल्यावर मागं जाता येत नाही. हे कॉम्प्युटर शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण त्यात कुणाचा बाप अडकलेला नसतो.

संध्याकाळी हॉलमधल्या पडद्यावर कोटातल्या दोन गोऱ्यांनी हात मिळवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका फेटा बांधून बसले होते. सत्यम दुकानात होता.

तेव्हापासून तो तिथंच असतो. काका अधूनमधून उठतात. तो कंट्रोल झेड दाबतो. मावशी डबा पाठवते. सोमनाथभाऊंना वाटतं, पोरगं कामाला लागलं.

परवा डबा घेऊन मी गेलो. मी असतानाच मोबाइलवर मेसेज आला. शुक्रवारी देखभालीसाठी त्या भागातली वीज बंद. मी तो वाचून दाखवला.

कॉम्प्युटरवर काका बसले होते. त्यांचे डोळे... माझ्यावर होते.

"दादा, तुझा बसलेला एखादा फोटो हाय का?" सत्यमने विचारलं. ताटात मीठ मागावं तसं.

"नाय. मी सगळ्या फोटोंत उभाच असतो."

खोटं बोललो. माझ्या लग्नात स्टेजवरच्या लाल खुर्चीत मी ऐसपैस बसलोय, तो फोटो आहे. सत्यमनेच काढलेला.

आज शुक्रवार. सकाळी काकांचा फोन आला.

"लई दिवसांनी हलकं वाटतंय रे. गुडघंसुद्धा दुखंना. सत्या घरी आलाय, डाराडूर झोपलाय. झोपायच्या आधी म्हणला, दादाला सांगा, माफ कर म्हणावं. भांडण झालं का तुमचं?"

मी नाही म्हणालो.

लगेच दुकानावर गेलो. शटर खाली, बाहेर कुलूप. सोमनाथभाऊ फोन उचलत नाहीत. शटरला कान लावला. आत पंख्याचा आवाज येत होता...

मग तो थांबला. अख्ख्या गल्लीतले पंखे थांबले.

मी घरी आलोय. बायको दोनदा विचारून गेली, जेवायला बसत का नाही.

हे सगळं मी उभ्यानंच लिहिलंय.