एक्केचाळीस नंबरची ओ

ही गोष्ट मी तिखटमीठ लावून सांगत नाहीये. माझ्या थोरल्या मावसभावाच्या, आमच्या दादाच्या बाबतीत घडली आहे, आणि त्याच्याइतका रुक्ष माणूस आमच्या गोतावळ्यात दुसरा नाही. भुतांच्या गप्पा निघाल्या की तो सरळ जांभई द्यायचा.

आता देत नाही.

रात्रबित्र नव्हती. गुरुवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. जागा, शहराबाहेरचं एक शीतगृह. खोली नंबर सात.

तिथे गोठवलेल्या मालाच्या बारा खोल्या. आत उणे वीस अंश. कामगारांच्या गळ्यातले टॅग दादाने बसवलेले. टॅग दिवसभर झोपलेला असतो, फक्त त्याचा एक बारीकसा कान जागा असतो. दुपारी पाळी संपताना, दारं लावण्याआधी यंत्र एकेका नंबराला हाक मारतं. आपला नंबर ऐकला की टॅग उठतो, 'टिक' करून ओ देतो आणि पुन्हा झोपतो. म्हणून तर नखाएवढी बॅटरी दहा वर्षं पुरते.

टॅगला हाक मारता येत नाही. फक्त ओ देता येते.

आधी पहारेकरी दारात उभा राहून ओरडायचा, "आहे का कोणी आत?" टॅग आले आणि ओरडणं बंद झालं.

पण गारवा करणाऱ्या मोटारींच्या खरखरीने टॅग उगाच जागे होत. बॅटऱ्या वर्षातच संपू लागल्या, वरून बोलणी बसली. दादाने तोडगा काढला. सगळ्या टॅगांचे कान थोडे बहिरे केले. बॅटऱ्या टिकल्या, दादाची पाठ थोपटली गेली.

मग एका शनिवारी सात नंबरच्या खोलीत, शेवटच्या रॅकमागे, तिथले जुने कामगार आबा माल मोजत राहिले. त्यांच्या टॅगला हाक ऐकूच गेली नाही. आतून दार उघडायची मूठ गोठून बसलेली. सोमवारी दार उघडलं तेव्हा आबा दाराला टेकून बसलेले होते.

चौकशीत ठरलं, आबांनीच टॅग बंद करून डुलकी काढली असणार. तीस वर्षं एक खाडा न केलेला माणूस. त्यांची मुलगी तिथेच ऑफिसात कामाला, तिने ते मान खाली घालून ऐकलं.

खरं काय ते एकट्या दादाला माहीत होतं. तो मूग गिळून बसला.

तीन महिन्यांनी त्याला बोलावणं आलं. कपाटात पडून असलेल्या एका टॅगची बॅटरी अजूनही खर्च होत होती.

नंबर एक्केचाळीस. आबांचा.

दादाने नोंदी काढल्या. टॅग रोज एकदाच जागा होत होता... चार वाजून दहा मिनिटांनी. तीच हजेरीची वेळ. पण एक्केचाळीस तर यादीतून कधीच काढलेला. त्याला हाक मारत कोण होतं?

"काहीतरी बिघाड," दादा स्वतःशीच म्हणाला. त्याने बॅटरी काढून खिशात टाकली आणि टॅग कपाटात कुलूपबंद केला.

दुसऱ्या दिवशी, चार वाजून दहा मिनिटांनी, पडद्यावर एक ओळ उमटली.

एक्केचाळीस. हजर. खोली सात.

दादाने खिसा चाचपला, बॅटरी तिथेच होती. पण मनातलं कुणाला सांगायची सोय नव्हती. गुरुवारी चारच्या सुमारास गळ्यात स्वतःचा टॅग अडकवून तो एकटाच सात नंबरमध्ये शिरला. शेवटच्या रॅकपर्यंत गेला.

काही नव्हतं. खोकी आणि बर्फ.

मोटार बंद पडली. इतकी शांतता की स्वतःचा श्वास मोठा वाटावा...

आणि दिवा गेला. दार लागलं.

दादा धावला. मूठ नवी बसवलेली होती, तरी हलेना. त्याने दारावर बुक्क्या मारल्या, ओरडला. हातभर जाड दार ते. तेव्हा त्याला कळलं. हजेरी होऊन गेली होती, आणि त्याच्या गळ्यातल्या टॅगने ती ऐकली नव्हती. तो कान त्यानेच बहिरा केला होता.

मागून, शेवटच्या रॅककडून...

टिक.

दादाने वळून बघितलं नाही. दाराला पाठ लावून तो खाली बसला. आपण कुणासारखे बसलोय हे त्याच्या लक्षात आलं आणि तो ढसाढसा रडला.

"आबा, चूक माझी होती," तो म्हणाला. "मी सांगतो सगळ्यांना. शप्पथ."

दार उघडलं. बाहेर पहारेकरी. मिशांमुळे त्याला सगळे सुभेदार म्हणत, तो त्या क्षणी खडूसारखा पांढरा पडला होता.

"साहेब, तुमचा टॅग गप्पच होता हो. दार लावून मी निघालो, तेवढ्यात एक्केचाळीसने ओ दिली. इथून."

कपाटाचं कुलूप तसंच होतं. बॅटरी दादाच्या खिशात.

त्याच संध्याकाळी दादाने सगळं लिहून दिलं. नोकरी गेली. आबांच्या मुलीला तो घरी जाऊन भेटला. तिलाही सगळं सांगितलं.

"म्हणजे बाबा झोपले नव्हते."

"नव्हते."

"हाक यायची वाट बघत असतील," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

टॅगांचे कान पुन्हा नीट झाले. शिवाय जुनी पद्धतही सुरू झाली. सुभेदार आता रोज प्रत्येक दारात उभा राहून ओरडतो, "आहे का कोणी आत?" मग कान देऊन थांबतो, आणि मगच कडी लावतो.

दादाला वाटलं होतं, खरं बोलल्यावर सगळं थांबेल. परवा त्याला सुभेदार भेटला. दादाने भीत भीत विचारलं.

"अकरा खोल्यांत थांबतो, साहेब," सुभेदार म्हणाला. "सात नंबरला नाही थांबत. हाक मारतो आणि निघतो."

"का?"

सुभेदाराने इकडेतिकडे बघितलं.

"तिथे टॅग ओ देत नाही आता. आबाच देतात."